डिफॉल्टमधली आत्या

नगरा, झाशी
१२ ऑगस्ट २०२४

चि. मकरंदास अ. उ. आ. वि. वि.

भानूआत्याला आठवड्यातून दोनदा डायलिसिस सांगितलं आहे. आमच्या कारखान्याच्या दवाखान्यात सोय आहे, पण तिचं कार्ड निघत नाही. संगणक तिला अपात्र ठरवतो, आणि तो प्रोग्राम माझाच. त्यात एक स्विच आहे, म्हणजे नात्यांची चाळणीच. पती किंवा पत्नी, मूल, आई, वडील अशा केस, म्हणजे एकेका नात्याचे कप्पे, ओळीने तपासायच्या, नातं जुळलं की पात्र ठरवून ब्रेक लावून बाहेर पडायचं. काहीच जुळलं नाही तर डिफॉल्ट, म्हणजे नकार. मी नियमाबरहुकूम लिहिलं. आई गेल्यावर आपल्याला वाढवणारी आत्या यात कुठे बसेल, हे तेव्हाच मनात यायला हवं होतं का? वरच्या कार्यालयात अर्ज केला. नियमात आत्या नाही म्हणाले. दुसरीकडे जागा मिळते ती ग्वाल्हेरला, आणि तो प्रवास तिला झेपत नाही.

माया आहेच, ती पत्रातही उतरू दे.
तारा

पुणे
२० ऑगस्ट

ती. ताईस सा. न. वि. वि.

हे पत्र आत्याला वाचून दाखवू नकोस. मी चकल्या मागितल्यात एवढंच सांग.

तू बाई जन्माची सरळ. आईच्या केसच्या वर आत्याची केस टाक आणि ब्रेक लावू नकोस. ती घसरून आईच्याच कप्प्यात पडेल. कुणी विचारलं तर म्हण, आत्याला नकारच लिहीत होते, ब्रेक राहून गेला. आमच्या सॉफ्टवेअर कंपनीत दर आठवड्याला कुणाचा तरी राहतो.

रागावलीस तरी लोभ सोडू नकोस.
मकरंद

झाशी
३ सप्टेंबर

चि. मकरंदास अ. उ. आ.

तू म्हणालास तसं केलं. चाचणीत आत्या पात्र ठरली. मी बघत बसले. मग आमच्या कारखान्यातल्या मुकेशजींचे मामा आठवले. त्यांनाही डायलिसिस, त्यांनाही नकार. मुकेशजी कँटीनमध्ये विचारतात, मॅडम जी, कुछ हुआ क्या, आणि मी नियमावर बोट ठेवते. आता त्यांना काय सांगू? मी ती ओळ काढून टाकली. हा सरळपणा की भित्रेपणा, अजून ठरत नाही.

आत्याला सगळं सांगितलं. डिफॉल्टमध्ये आणखी कोण कोण आहे, असं तिने विचारलं. मामांचं कळल्यावर म्हणाली, गाडी करून ग्वाल्हेरला जायचंच तर त्यांनाही घे, वाटेत बोलायला माणूस होईल. गुरुवारी दोघांना नेते आहे. हा प्रवास तिला फार दिवस जमणार नाही, असं डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं. ती मात्र मामांसाठीही बिनमिठाचा डबा भरायला सांगते आहे.

माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी ताई