शाळेजवळचं घर

प्रिय रोशनी,

फोन रोज हातात घेते, पण तू "बोल ना ताई" म्हणालीस की बोलणं आईच्या गुडघ्यांवर आणि सुरगाण्याच्या आपल्या शेतातल्या भातावरच जातं. म्हणून हे लिहायला बसले.

आमच्या वस्तीतली शाळा तू पाहिली आहेस. ज्यांना जमलं त्यांनी पोरं व्हॅनमधून इंग्रजी शाळेत धाडली. उरली ती आमची. आता सगळे वर्ग एकाच खोलीत बसतात. सुमनबाई जीव तोडून शिकवतात, पण त्यांनाही सारखं कसल्या ना कसल्या सर्वेक्षणाला पाठवतात. परवा सृष्टी म्हणाली, "आई, बाई नसल्या की पहिलीला मीच शिकवते." कौतुक वाटायच्या आधी माझ्या मनात आलं, चौथी संपत आली, आणि हिला कोण शिकवतंय?

तुमच्या कॉलनीजवळची शाळाही महापालिकेचीच. पण तिथले पालक मीटिंगला जातात, जाब विचारतात, आणि तिथं शिक्षक पुरेसे असतात. मी चौकशीला गेले होते. मुख्याध्यापिका नीट बोलल्या. "जवळच्या मुलांना आधी घेतो. तुम्ही कुठं राहता?" मी वस्तीचं नाव सांगितलं. "एवढ्या लांबून लहान पोर रोज कशी येणार?" म्हणाल्या. त्यांचं तरी काय चुकलं?

मग तुझे सुनीलभाऊजी आणि मी त्याच भागात खोली शोधत फिरलो. एका घरावर 'भाड्याने देणे आहे' अशी पाटी होती. मालकांनी पाणी दिलं, गाव विचारलं, मग आडनाव. आडनाव ऐकून म्हणाले, "अहो, खोली कालच गेली." पुढच्या आठवड्यात मी मुद्दाम तिकडून गेले, तर पाटी तशीच. तुम्हाला अमोलरावांच्या नोकरीचं क्वार्टर मिळालं, म्हणून तुला हे कुणी विचारलं नाही. सुनील आता खोलीचं नावच काढत नाही.

रोशनी, जूनपासून सृष्टीला तुझ्याकडे ठेवशील? अमोलराव नाही म्हणणार नाहीत, पण सासूबाईंना आधी विचार. एकच सांगते, राग मानू नकोस. तिला भाची म्हणूनच ठेवा. हाताखाली एक पोर आली, असं घरात कुणाला वाटू देऊ नकोस. जमणार नसेल तर तसं स्पष्ट कळव. कालपासून मी तिला स्वतःची वेणी स्वतः घालायला शिकवतेय. कशासाठी, ते अजून तिला सांगितलेलं नाही.

उत्तराची वाट पाहणारी, तुझीच
सविताताई