आजूबाजूचं बघून

४ फेब्रुवारी
संध्याकाळच्या मोठ्यांच्या लिहिण्या-वाचण्याच्या वर्गाला आजपासून जाते. बाई नातीच्या वयाच्या. म्हणाल्या, अडलेल्या शब्दापाशी थांबू नका, आजूबाजूला काय आहे ते बघा, अर्थ आपोआप लागतो. शिवाय रोज चार ओळी लिहायच्या. मला काय शिकवणार? लाँड्रीच्या काउंटरवर जन्म गेला. गिऱ्हाइकानं तोंड उघडायच्या आत मला कळतं. एकच चांगला कोट, आजच हवा, नजर खाली, घासाघीस नाही, की समजायचं. कोण गेलं, कोट कुणाच्या अंगावर चढवणार, हे मी विचारत नाही.

५ फेब्रुवारी
वर्गाच्या दारावर पाटी. उपस्थिती अनिवार्य. आत आम्ही तिघी आणि डुलक्या काढणारा एक वॉचमन. म्हणजे अनिवार्य म्हणजे वाटलं तर या. उद्या जाणार नाही.

९ फेब्रुवारी
गेले. बाई म्हणाल्या, आजी, तुमचे पूर्वग्रह फार पक्के आहेत. पक्के आहेत म्हणजे चांगलंच काहीतरी असणार. घरी सुनेला सांगितलं. हसली. जळते.

१२ फेब्रुवारी, दुपार
डॉक्टरीण आमच्या म्हाताऱ्याला बघायला आली. बिऱ्हाड दुकानाच्या वरच, थंडी सुरू झाल्यापासून तो खाटेवर. जिन्यात मुलाला म्हणाली, आता फक्त पॅलिएटिव्ह. नवा शब्द. मुलाला विचारलं नाही, तो भिंतीकडे बघत होता. बाईंची रीत लावली. सुया बंद. कडू गोळ्या बंद. पथ्य बंद, मागतील ते द्या म्हणाली. जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवला. हे सगळं बंद कधी करतात? माणूस बरा झाला की. लागला अर्थ.

१३ फेब्रुवारी
म्हाताऱ्याला म्हटलं, अहो, तुम्ही पॅलिएटिव्ह झालात. म्हणजे काय गं, म्हणाला. म्हणजे पुढच्या महिन्यात काउंटरवर बसायचं. म्हणाला, मग तू कुणावर खेकसणार? चेष्टा सुचतेय, म्हणजे उतार आहे.
ठरवलं. त्याचा करडा कोट उसवून लहान करायचा. अंगावर लोंबतो. दुकानात बसायचं तर नीट दिसायला हवं. उद्याच घेते.

१७ फेब्रुवारी
मुलगी आली. सुट्टी नसताना. नवऱ्याशी भांडली असणार. विचारलं तर रडली. म्हणजे तेच. सूनही हल्ली उलट बोलत नाही, आई तुम्ही बसा, मी करते, म्हणते. माझ्या शिकण्याचा धाक बसलाय.
कोट राहिला. दोरा सापडला नाही.

२० फेब्रुवारी
बाईंनी जाडजूड शब्दकोश आणला. म्हणाल्या, ज्यांचा शब्द अडलाय त्यांनी सांगा, शोधून देते. वॉचमननं चार विचारले. मग बाईंनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, माझा एकही अडलेला नाही. आणि ठसका लागला म्हणून बाहेर आले.
दोरा होता. पण त्या रंगाचा नाही.

२३ फेब्रुवारी
म्हातारा दिवसभर झोपतो. आराम पडला की झोप लागतेच. चमचाभर दूध घेतलं, उरलेलं ओठांवरून खाली आलं. पोट भरलं असणार. मुलगी उशापाशी बसून असते. तिला म्हटलं, माणसाला झोपू दे की, काय टक लावून बघतेस? म्हणाली, आई, तू पण बस ना थोडा वेळ. दुकान कोण बघणार?
कोट उद्या नक्की.

२६ फेब्रुवारी
सकाळी काउंटरवर गर्दी. मुलगा जिन्यानं खाली आला. गिऱ्हाइकांच्या मागे रांगेत उभा राहिला. त्याचा नंबर आल्यावर बघितलं, हातात म्हाताऱ्याचा करडा कोट. म्हणाला, आई, आजच हवा.
नजर खाली.
मी विचारलं नाही.
इस्त्री केली. आधी कॉलर, मग बाह्या, मग पाठ. सैल होता तसाच आहे. मागच्याला म्हटलं, थांबा जरा, घरचं काम आहे.
संध्याकाळी वर्ग होता. गेले नाही. अनिवार्यच तर आहे.