तांबड्या आणि निळ्या डब्यांतला फरक

तीर्थरूप मामा,

नमस्कार कागदावरून करतो आहे, कारण समोर येऊन करायची सोय तुम्ही ठेवलेली नाही. गेल्या पंधरवड्यात मी तीन वेळा दाराशी आलो. तिन्ही वेळा मामींनी तुम्ही झोपल्याचं सांगितलं आणि तिन्ही वेळा आतून तुमचं खाकरणं ऐकू आलं. (मामींना खोटं बोलणं जमत नाही. तिसऱ्या वेळी तर त्या बिचाऱ्या माझ्याकडे न बघता पायपुसण्याकडे बघून बोलल्या.) म्हणून हे पत्र. पत्र झोपलेल्या माणसाच्या उशाशीही ठेवता येतं. तुमची तब्येत कशी आहे? गुडघा थंडीत धरायचा तसा अजून धरतो का, चष्म्याची डावी काडी बदलून घेतलीत का, मामींचं डोळ्याचं औषध चालू आहे ना? हे सगळं मनापासून विचारतो आहे, पण खरी चौकशी जिभेची आहे. ती एकदम विचारायचा धीर होईना म्हणून गुडघ्यापासून सुरुवात केली.

जे घडलं ते तुम्हाला सांगायची गरज नाही, तरी सांगतो, कारण गेले नऊ आठवडे मी ते स्वतःलाच सांगत बसलो आहे. बेचाळीस वर्षं कारखान्यात पाइपच्या तंबाखूची मिश्रणं तुम्ही केलीत. तांबड्या पट्ट्याचा डबा तुमचा आणि निळ्या पट्ट्याचाही तुमचाच. दोन्हींत पान तेच, कापणी तीच. निळीत धुरावर वाळवलेलं काळं पान चिमूटभर जास्त आणि तांबडी चार दिवस जास्त दाबाखाली ठेवलेली, एवढाच काय तो फरक. तो इतका बारीक, की लोक आधी डब्याचा रंग बघतात आणि मग चव ओळखतात. नऊ आठवड्यांपूर्वीच्या त्या मंगळवारी बाहेरून आलेल्या व्यापाऱ्यांसमोर, मॅनेजरांच्या खोलीत, तुम्ही तांबडा डबा उघडलात, पाइप भरलात, दोन झुरके घेतलेत आणि पाइप खाली ठेवून म्हणालात, ही निळी आहे. मॅनेजरांनी ओढून पाहिली. विक्रीच्या साहेबांनी पाहिली. व्यापाऱ्यांनी पाहिली. सगळे म्हणाले तांबडी. तुम्ही पुन्हा झुरका घेतलात आणि पुन्हा म्हणालात निळी. तेव्हा मॅनेजर अगदी मऊ आवाजात म्हणाले, "काका, आता जरा विश्रांती घ्या." त्या माणसाने आरडाओरडा केला असता तर तुम्हाला उलट ओरडता तरी आलं असतं. तुम्ही पाइप खिशात घातलात आणि दुसऱ्या दिवसापासून कारखान्याची वाट सोडलीत. मामी सांगतात, आता जेवताना मीठ कमी आहे की जास्त, हेसुद्धा तुम्ही बोलत नाही. विचारलं तर म्हणता, मला काय कळतंय.

हे शेवटचं वाक्य मामींनी सांगितलं. तेव्हाच मी तुमच्यासाठी काहीतरी करायचं ठरवलं. (मी काही ठरवलं की पुढे काय होतं, ते नात्यात सगळ्यांना ठाऊक आहे, तरी वाचा.) विचार असा होता, की या दोन तंबाखूंत कोणालाही कळेल असा फरक मुळात नाहीच, हे रीतसर दाखवून द्यायचं. फरकच कळण्यासारखा नसेल तर तुम्ही चुकलात यात नवल ते काय? तुमची जीभ गेली असं मग कोणाला म्हणता येणार नाही. ज्या माणसाने तो फरक करण्यात जन्म घालवला त्याला तो फरक नाहीच असं सांगणं हे सांत्वन आहे की अपमान, हा प्रश्न मला तिसऱ्या आठवड्यात पडला. खरं म्हणजे तो सौ.ला पडला आणि तिने तो मला दिला. पण तोवर मी बराच पुढे गेलो होतो.

तुम्ही जाणताच, मी विडीसुद्धा ओढलेली नाही. मी छापखान्यातला माणूस. तुमच्या कारखान्याची लेबलं बावीस वर्षं छापतो आहे, पण डब्याच्या आतल्या मालाशी माझा कधी संबंध आला नाही. दुकानातून एक तांबडा डबा, एक निळा डबा आणि दोन पाइप आणले. (एकाच पाइपात दोन्ही ओढल्या तर आधीची चव नंतरचीत उतरते, हे दुकानदाराने सांगितलं. तो दुसरा पाइप खपवण्यासाठी तसं बोलला असेल, असा मला अजूनही संशय आहे.) पहिल्या दिवशी मी पाइप आमच्या कामाच्या सवयीने भरला, म्हणजे कागदाचा गठ्ठा बांधतात तसा दाबून. काडीमागून काडी ओढली, पण त्यातून हवासुद्धा येईना. शेवटी इतक्या जोराने ओढलं की कानात दडे बसले. दुसऱ्या दिवशी सैल भरला, तर निखारा उडून माझ्या लेंग्यावर पडला. तिसऱ्या दिवशी धूर आला आणि जीभ अशी पोळली, की सौ.ने केलेलं जेवण चार दिवस मला न कुरकुरता जेवता आलं. चौथ्या दिवशी तिने खुर्चीसकट माझी रवानगी बाल्कनीत केली. चपलांचा स्टँड आणि धुणं वाळत घालायची दोरी यांच्यामध्ये बसून मी पाच आठवडे रोज संध्याकाळी एक तांबडी आणि एक निळी ओढली. शेजारचे वकील खिडकी लावून घेताना दर वेळी माझ्याकडे बघून मान हलवायचे. ती सहानुभूती होती की तक्रार, ते अजून कळलेलं नाही.

या काळात मी वही ठेवली. तिच्यात चौदा फरक नोंदवले आहेत. सगळे लिहीत नाही, पण नमुना म्हणून थोडे देतो. तांबडीला पहिल्या झुरक्याला ओल्या लाकडाचा वास येतो. निळीलाही ओल्या लाकडाचाच येतो, पण लाकूड दुसरं. तांबडी ओढताना जुन्या गोष्टी आठवतात. निळी ओढताना त्याच गोष्टी आठवतात, पण त्यांतली माणसं आपल्याशी चुकीची वागली असं वाटतं. तांबडीची राख पांढरी, निळीची राख पांढरी पण गंभीर. हे वाचून तुम्ही हसाल अशी आशा आहे. लिहिताना मात्र मी अजिबात हसत नव्हतो. वही बंद करून पुन्हा ओढली की यातलं एकही खरं वाटायचं नाही, आणि मग तुम्हाला त्या खोलीत कसं वाटलं असेल, ते मला थोडंसं कळायचं.

फरक नाही असं ठरवायला निघालो आणि चौदा लिहून बसलो, तेव्हा एखाद्या त्रयस्थाची गरज भासली. आमचा न्हावी तीस वर्षं निळीच ओढतो. चुकून तांबडी ओढली तर मळमळतं, असं तो येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतो. मी दोन्ही डबे बादलीत भिजवून त्यांची लेबलं काढली, बुडाला पेन्सिलीने खुणा केल्या आणि त्याच्या दुकानात गेलो. त्याला त्याच्याच खुर्चीत बसवलं, त्याच्याच टॉवेलने डोळे बांधले. (शेजारच्या खुर्चीत एक गिऱ्हाईक अर्ध्या गालाला साबण लावून बसलं होतं. त्या भल्या माणसाने एका शब्दानेही घाई केली नाही.) पहिला पाइप दिला. तीन झुरके घेऊन न्हावी समाधानाने म्हणाला, ही माझी. ती तांबड्या डब्यातली होती. दुसरा दिला. तो म्हणाला, हीसुद्धा माझीच. मी खुणा दाखवल्या. त्याने टॉवेल घडी करून ठेवला आणि बराच वेळ कात्री पुसत राहिला. मग म्हणाला, "हे मला कशाला विचारता? तुमच्या मामांना विचारा ना." त्यानंतर त्याने माझे केस कापले, पण मन लावून नाही. मी हल्ली डावीकडून जरा जास्त दाट दिसतो.

त्यानंतर आणखी आठ जणांना ओढायला दिली. पोस्टमास्तर होते, आमच्या छापखान्याचे मालक होते, दातांचे डॉक्टर होते. एकालाही धड सांगता आलं नाही. तेव्हा मामा, निष्कर्ष असा, की या दोन मिश्रणांतला फरक ओळखणं माणसाच्या आवाक्यातलं नाही. एकदा चुकलात म्हणून तुम्ही असं तोंड बंद करून बसू नका. पाइप पेटवा. निदान दार तरी उघडा. मामींना नमस्कार. घरात सगळे तुमची आठवण काढतात आणि मी बाल्कनीत काढतो.

तुमचा भाचा

ता. क. पाकिटात दोन पुड्या घातल्या आहेत. एकीत माझ्या तांबड्या डब्यातली चिमूट, दुसरीत निळ्या डब्यातली. वर काही लिहिलेलं नाही. नुसता वास घेतलात तरी चालेल.

आणखी एक. वरचं पत्र लिहून चार दिवस झाले. ते टाकलं नाही, कारण मधे एक गोष्ट कळली आणि ती लिहायची हिंमत होत नव्हती. जागा संपली अशी स्वतःची समजूत घातली होती, पण सौ.ने नवा कागद आणून समोर ठेवला. झालं असं, की उघडेबोडके डबे बरे दिसेनात म्हणून नवी लेबलं चिकटवायला मी छापखान्याच्या फळीवरून त्या मंगळवारच्या डब्यांच्याच खेपेचा एक उरलेला गठ्ठा काढला. आम्ही तांबडं आणि निळं लेबल एकाच कागदावर शेजारी शेजारी छापतो आणि मधोमध कापतो. डावीकडची चवड तांबडी, तिला नंबर एक. उजवीकडची निळी, तिला नंबर दोन. शाई घासू नये म्हणून गठ्ठे पालथे बांधतो आणि खाकी वेष्टनावर नंबर मी घालतो. बावीस वर्षांत मी एकही गठ्ठा उलटा करून बघितलेला नाही. डावी ती एक, हे हाताला पाठ आहे. त्या खेपेला दुपारनंतरचे कागद वाळवणीवरून फिरून आले, वरची कड खाली होऊन, त्यामुळे निळी डावीकडे आली. मी डावीवर एक घातला. तुमच्याकडे लेबलं चिकटवणाऱ्या बायका रंग बघत नाहीत, नंबर बघतात. एक नंबरच्या गाड्यावरच्या, म्हणजे तांबडीच्या, डब्यांना एक नंबरचा गठ्ठा. मी काढलेल्या गठ्ठ्यावर माझ्या अक्षरात दोन होता. आत सगळी तांबडी लेबलं होती.

म्हणजे मामा, त्या मंगळवारी तांबड्या डब्यात निळीच होती.

(माझ्या चौदा फरकांचं काय करावं कळत नाही. माझ्या दोन्ही डब्यांत एकच तंबाखू असण्याचा दाट संभव आहे आणि मी पाच आठवडे निळी निळीशीच ताडून पाहिली असणार. न्हाव्याची माफी मागायला जायचं आहे. अर्थात दोन महिने तो निळ्या डब्यातून मधून मधून तांबडीही ओढत असणार आणि त्याला मळमळलेलं नाही, तेव्हा फार मोठी मागणार नाही.)

अजून एक. आज सकाळी तो गठ्ठा काखेत मारून मॅनेजरांकडे गेलो आणि सगळं सांगितलं. त्यांनी गठ्ठा उलटून पाहिला. मग मला गोदामात घेऊन गेले. तिथे त्या खेपेची चारशे खोकी पडून आहेत. त्यांतली सकाळच्या गठ्ठ्यांची कुठली आणि दुपारच्या कुठली, हे कोणालाही सांगता येत नाही. प्रत्येक खोक्यातला एक डबा उघडून, ओढून बघायचा, एवढाच मार्ग आहे. मॅनेजर खोक्यांकडे बघत म्हणाले, "काकांशिवाय हे कोण करणार?" सोमवारी सकाळी नऊ वाजता ते गाडी घेऊन तुमच्याकडे येत आहेत. माफी त्यांना स्वतः मागायची आहे, आधी कळवू नकोस म्हणून मला बजावलं आहे, तेव्हा तुम्ही चकित झाल्यासारखं करा. एकदा नाही म्हणा. दोनदा म्हणू नका, तो माणूस खरं धरून चालतो. लेबलांचं काम यापुढे आमच्या छापखान्याकडे ठेवायचं की नाही हे तुम्हीच सांगाल ते, असंही ते म्हणाले. मी त्याबद्दल तुमच्याकडे काही मागत नाही. (मागतोच आहे. बावीस वर्षं झाली, दुसरं काही येत नाही.)

शेवटचं. वरचं कंसातलं खोडलं आहे असं समजा. त्या मंगळवारी मीही त्या खोलीत होतो. दाराशी, नव्या लेबलांचे नमुने घेऊन. मी होतो हे वर लिहिलं नाही, कारण तुम्ही विसरला असाल अशी आशा होती. दुसऱ्यांदा निळी म्हणालात तेव्हा तुम्ही सगळ्यांवरून नजर फिरवलीत आणि माझ्यापाशी थांबलात. तंबाखू मला कळत नव्हती, पण तुम्ही कळत होता. लहानपणापासून तुमच्या मांडीवर बसत आलो. चवीच्या बाबतीत तुम्ही एकदाही उगाच बोललेलं मला आठवत नाही. नुसतं "मामा म्हणतात तर असेल" एवढं म्हणायचं होतं. मी मान खाली घातली आणि हातातले नमुने मोजायला लागलो. गठ्ठ्यावरचा नंबर हाताकडून चुकला. हे मात्र मी केलं. सोमवारी त्या गाडीत मागच्या सीटवर मी असेन. मला खाली उतरू द्यायचं की नाही, ते तुम्ही ठरवा.