कडू पाणी

आई, पाया पडते. मी जेवूनखाऊन बरी आहे. तुझे गुडघे कसे आहेत?

आपल्या आदिवासी आयांना लेकरांना काय भरवायचं, ते मी इथल्या दवाखान्यात शिकवते. मुलांची वजनं वाढताहेत.

तुझ्या डब्यातल्या रानभाजीला 'गुरांचा चारा' म्हणून हसलेल्या डॉक्टरीणबाई आठवतात? त्या इथंच आहेत. काल म्हणाल्या, "नातवाचं रक्त कमी आहे गं. तुमची ती भाजी कशी करतात?"

सगळं सांगितलं. पाला उकळून पहिलं कडू पाणी ओतून द्यायचं, एवढं वाक्य मात्र गिळलं.

पोर थुंकेल, ते जिवाला लागतंय. सोमवारी सांगेन, पण त्यांनी आधी तुझी माफी मागायची. त्यांचा फोन आला की लगेच "असू दे" म्हणू नकोस.

तुझी,
थोरली