उलट फोन लावण्याचा नेम

मार्गशीर्ष शु. ८, अमरावती
शेंदूरजनाघाटचे संत्रा व्यापारी वामनराव कार्यालयात येऊन गेले. बसले नाहीत. आमच्या करसल्लागार कार्यालयाच्या नावाने त्यांना ई-मेल गेली होती : कराचा परतावा येणार, मोबाईलवर आलेला ओटीपी कळवा. खाली माझे नाव. त्यांनी कळवला. बँकेने वेळीच व्यवहार रोखला म्हणून निभावले.
"काकाजी, तुमचं नाव पायलं अन् डोये मिटून देल्लं. आता कोनाच्या नावावर भरोसा ठेवू? पुनवेच्या दुसऱ्या दिवशी माहे सगळे कागद वापस नेतो."
यंदा आधीच बागा वाळलेल्या, त्यात हे. किती वर्षांचा संबंध! संध्येत चित्त लागले नाही.

शु. ९
कार्यालय सांभाळणाऱ्या नसीमबाईंशी बसून नेम ठरवला. कोणीही पासवर्ड, ओटीपी वा कागद मागितला की फोन ठेवावा, आपल्याजवळच्या क्रमांकावर आपण लावावा, मगच उत्तर. मेललाही हेच.
"तुमचा फोन आला तरी?"
माझा आला तरी.
"ध्यानात ठेवजा हं, काकाजी."
पक्षकारांनाही कळवले. वामनरावांनी ऐकून घेतले, इतकेच.

शु. ११
एकादशी. उपवास, मौन. जपमाळ घेऊन कार्यालयातच बसलो होतो. दुपारी न.बाईंना फोन. कोणी 'बँकेतला'. म्हणे, साहेबांशी आत्ताच सविस्तर बोलणे झाले, पासवर्ड तुम्ही द्याल.
न.बाई माझ्याकडे पाहत त्याला म्हणाल्या, "भाऊ, आमचे साहेब सकायपासून एक शब्द बोलले नाही. तुमच्यापाशीच बरं मोठ्ठं भाषन देल्लं!"
पलीकडून फोन बंद. हसू आवरता आवरता मौन मोडायची वेळ आली. व्रताचे फळ परलोकी मिळते, अशी आजवर समजूत होती.

शु. १४
परतवाड्यास एका पक्षकाराकडे गेलो. तेथे स्मरले, वामनरावांच्या विवरणपत्राची आज शेवटची मुदत. तेथल्याच संगणकावरून भरावे म्हटले, तर माझा मोबाईल बंद पडलेला. औषधांच्या दुकानातून कार्यालयात लावला. वामनरावांचा पासवर्ड सांगा म्हटले.
"कोन बोलून राह्यले?"
"मी. काकाजी."
"परवाबी एक जन साहेबांचे खासच होते. ठेवते. तुमच्या नंबरावर लावते."
पुन्हा लावला, पुन्हा तेच. दुकानदार म्हणाला, "घरचेच वयखत नाही का तुमाले?"
क्रोध अनावर. पण नेम कोणाचा? माझाच.
जीप धरून पोचलो तो दिवेलागण झालेली. न.बाई संगणक सुरू ठेवून बसलेल्या.
"आवाज तुमचाच वाटला होता."
"मग?"
"मंग काय? वाटल्यानं देऊ का?"
विवरणपत्र मुदतीत गेले. राग जीपमध्येच राहिला असावा.

पौर्णिमा
वामनरावांना फोन करून परतवाड्याची सगळी फजिती स्वमुखाने सांगितली. "हूं," म्हणाले. मग, "तुमालेबी नाही सांगतलं?" आणि ठेवला.

व. १
कागद नेण्याचा दिवस. गठ्ठा टेबलावर काढून ठेवला आहे. आत्ताच फोन वाजला, न.बाईंनी उचलला. वामनरावांचा आवाज मला येथवर येतो :
"कागदाचं बोलाचं हाय. अवं बाई, मी वामनराव! मलेबी नाही का?"
"तुमालेबी नाही. ठेवा, मी लावते."
लावत आहेत. तिकडे घंटी वाजते आहे. गठ्ठ्याला दोरी गुंडाळली आहे. गाठ अजून मारलेली नाही.