कमी आवाजाचं काडतूस

अल ऐन, यूएई

प्रिय मैथिली,

तू फोन उचलत नाहीस, म्हणून हे पत्र. लहानपणी भांडण झालं की तू अबोला धरायचीस आणि शेवटी मीच शरण यायचो. आताचा अबोला तसला नाही, हे मला कळतं. सुहासिनी तुझ्याशी बोलते तेव्हा मी शेजारच्या खोलीत कान देऊन बसतो. या वयात बायकोचे फोन चोरून ऐकणारा नवरा! काव्याला पुण्याची शाळा अजून रुचत नाही, डबा तसाच परत येतो, हे मला असंच समजलं. तिला भेंडी देत असशील तर ती नको देऊस. बापासारखीच, अंकुरसारखीच आहे ती.

इथे उन्हाळा सुरू झालाय. फार्मवर यंदाची ससाण्यांची पिल्लं मोठी झाली. अंकुरच्या जागी नवा माणूस आलाय, कामाला बरा आहे, पण अंड्याला कान लावून बसणं त्याच्याच्याने होत नाही. अंकुरचा निळा मग कुणी वापरत नाही, मीही नाही.

त्या दिवसाबद्दल तुला एवढंच सांगितलं गेलं की मालकांनी कोल्ह्यावर गोळी झाडली, ती खडीवरून उसळून अंकुरला लागली, आणि काडतूस कुठलं घ्यायचं ते तुझ्या भावाने ठरवलं होतं. तुम्ही निघालात तेव्हा विमानतळावर काव्याने मला विचारलं, "मामा, डिड यू चूज इट?" मी मान खाली घातली. त्याचा अर्थ तुम्ही दोघींनी जो घ्यायचा तो घेतलात.

थंडीपासून कोल्ह्यांनी उच्छाद मांडला होता. ससाण्यांना खायला आपण लावे पाळतो. जाळीखालून उकरून कोल्हे आत शिरायचे आणि खाण्यापेक्षा मारायचेच जास्त. मालकांकडे, अबू राशिदकडे, परवाना आहे आणि बारीक नळीच्या दोन रायफली आहेत, एक पॉइंट सतराची, एक पॉइंट बावीसची. कॉलेजात मी रायफल क्लबात होतो हे त्यांना ठाऊक होतं, म्हणून कुठली वापरावी ते त्यांनी मला विचारलं. मी पॉइंट सतरा म्हणालो. तिची गोळी हलकी आणि फार वेगवान असते, खड्याला लागली की तिथेच तिचा भुगा होतो. पॉइंट बावीसच्या हळू काडतुसाची गोळी म्हणजे शिशाचा गोळा. कडक जमिनीवर आपटली की, पाण्यावर चपटा दगड टप्पे खात जातो तशी कुठेही जाते. आणि आपल्या फार्मवर खडीशिवाय आहे काय?

पण सतराचा आवाज कडाडतो. पहिल्याच संध्याकाळी कोल्हा मेला आणि तिकडे उबवायला बसलेली ससाण्याची मादी दचकून आपल्याच अंड्यांवर नाचली. अंकुर फुटकी कवचं ओंजळीत घेऊन ऑफिसात आला. त्याचे वडील गेले तेव्हाही त्याला इतकं रडताना मी पाहिलं नव्हतं. तेव्हापासून तो बावीसच्या मागे लागला, कारण ते काडतूस टाळी वाजवावी इतपतच वाजतं. मी खडी दाखवली, धोका समजावला, चिडलोसुद्धा. त्याने माझ्याबरोबर जेवणं सोडलं. शेवटी म्हणाला, "दादा, कोल्हा सुटला तरी चालेल, पण माझी मादी अंड्यांवरून उठता कामा नये."

पक्ष्यांच्या बाबतीत अबू राशिद त्याच्या शब्दाबाहेर नव्हते. "खलास, अंकुर बोला तो बाईस," एवढं म्हणून त्यांनी विषय संपवला. मी मातीच्या बांधाची दिशा आखून दिली, फक्त तिकडेच झाडायची. त्या संध्याकाळीही त्यांनी तिकडेच झाडली. गोळी बांधाच्या अलीकडे एका दगडाला लागून वळली. अंकुर हॅचरीमागच्या नळावर ट्रे धूत होता. आवाज इतका हलका होता की तो पडला तरी आम्हाला काही कळलं नाही. मला वाटलं, दिवसभर उपाशी असेल, घेरी आली असेल. मी पाणी घेऊन गेलो, मैथिली. पाणी. हॉस्पिटलात पोहोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. परत आलो तेव्हा आत मादी अंड्यांवर शांत बसलेली होती.

हे मी तुला सांगितलं नाही. गेलेल्या नवऱ्यावर तू रागवावंस हे मला पाहवलं नसतं. माझ्यावर रागावलीस तर रागाव, मोठा भाऊ असतो कशाला?

पण परवा वकिलाचा फोन आला. इथल्या कायद्याप्रमाणे गेलेल्याच्या घरच्यांना माफी देता येते, तेव्हा अबू राशिदना ती द्यायची की नाही, हे आता तुझ्या शब्दावर येऊन ठेपलंय. ते म्हातारे गृहस्थ खाणंपिणं सोडून मजलिसच्या बैठकीवर भिंतीकडे तोंड करून बसलेले असतात. तू सुहासिनीला म्हणालीस, त्यांना मी माफ करीन, दादाला कधीच नाही. म्हणून लिहितोय. निर्णय तुझा आहे, पण तो अर्धवट माहितीवर होऊ नये. अबू राशिदचं तू ठरव. माझं राहू दे. पण कुणालाही माफ करण्याआधी अंकुरला माफ करता येतं का, ते बघ. मला अजून जमलेलं नाही.

बोललीस, न बोललीस, तरी तुझाच
चारूदादा