आफ्रिकेची जागल

२ नोव्हेंबर, रविवार. सकाळी ८.
दामिनीने नागपूरहून माझं नाव एका कामात टाकलं. आफ्रिकेत एक पाणवठा आहे. त्यावर कॅमेरा लावलाय आणि जगभरातले चाळीस स्वयंसेवक घरबसल्या पाळीपाळीने तो बघतात. जनावर आलं की फॉर्म भरायचा: कोणतं, किती, काय करत होतं. बस. पोरगी म्हणे, बाबा, डॉक्टरांनी तुमाले रोज दोन तास शांत बसाले सांगितलं न, मग बसा.
तिला हा विरंगुळा वाटतो. नऊ वर्षांचा असल्यापासून मी आमच्या करडी गावच्या बांध्यांत, म्हणजे धानाच्या शेतांत, रात्रीची जागल केली आहे. धान पिकायला आला की मचाणावर बसायचं, रानडुक्कर दिसलं की डबा बडवायचा. घरटी पाळी. बाकीचे स्वयंसेवक शहरातले.
आमच्या तुकडीचा टीम लीडर वीस तारखेला निवडणार आहेत. मीच झालो असं धरून चालतो. मागून आणलेल्या एका भोंग्यावर 'भूपेंद्र साऊंड अँड मंडप' उभं करणाऱ्याला एक पाणवठा काय जड आहे?

३ नोव्हेंबर. दुपारी १२.
आफ्रिका आपल्या साडेतीन तास मागे आहे. त्यांना कोणी वेळेवर उठवत नसावं.
पहिली पाळी झाली. एकही जनावर नाही. फॉर्म कोरा पाठवणं बरं दिसत नाही. लिहिलं, पाणी: एक.

५ नोव्हेंबर.
झेब्रे चौदा. किंवा सतरा. मंडपातल्या खुर्च्या मी नजरेने मोजतो, पण खुर्च्या मध्येच उठून पाणी प्यायला जात नाहीत.
निश्चय: पाळीत चहा नाही, फोन नाही, डुलकी नाही.

६ नोव्हेंबर.
झोपलो नव्हतो. डोळे मिटून ऐकत होतो. साऊंडवाल्याचे कान आहेत हे. चौथ्या स्पीकर बॉक्समधली खरखर मला रस्त्यावरून कळते. आज गुरगुर ऐकली आणि नोंदवलं, सिंह एक, आवाजावरून. तिथे सगळं सांभाळणाऱ्या नोमसाबाईंनी लिहिलं, त्या वेळी बघणाऱ्या बाकी अकरा जणांना काही ऐकू आलं नाही. असतात एकेकाचे कान.
शकुन म्हणे, अजी, मागच्या खुर्चीवर भैय्याजी घोरून राहिले होते. भैय्याजी माझे शेजारी आणि जुने मित्र, पण बायकोला जंगलातलं कळत नाही.

८ नोव्हेंबर.
मोठी युक्ती. जागलीसारखी इथेही घरटी पाळी लावली. दोन तास कोणीही बसतो, आपण आठ तास बसू. सगळं माझ्याच लॉगिनवर. मी देखरेखीला. एक ते तीन उषावहिनी. माझ्या मोठ्या भावाची बायको, घरी पाच म्हशी, नजर पक्की. तिला टाइप करता येत नाही, पण ती बोलते आणि फोन त्याचं इंग्रजी करून फॉर्मात टाकतो.
नोमसाबाईंचा मेसेज आला, मिस्टर भूपेंद्र, तुम्ही जेवता कधी? कळवलं, वेळेवर.

१० नोव्हेंबर.
वहिनींच्या नोंदी तपासल्या. कपाळाला हात लावला. मोजणी एका ओळीत आणि पुढे पुराण. ही मोठ्या शिंगाची म्हैस तीन दिवसांत दुसऱ्यांदा पाणी न पिता परत गेली. मागचा डावा पाय पुरा टेकत नाही. कान टाकले आहेत. समजावून सांगितलं, वहिनी, मोजायला सांगितलंय, तब्येत विचारायला नाही. ती म्हणे, भाऊजी, तुमी मोजा, मी पाह्यतो.
पुसून टाकणार होतो. पुसायचं बटण सापडलं नाही. जाऊ दिलं.

१२ नोव्हेंबर. संध्याकाळी.
आज चाळीसही स्वयंसेवकांची व्हिडिओ मीटिंग. नोमसाबाई नियम सांगत होत्या: आपण फक्त बघायचं, मध्ये पडायचं नाही. तेवढ्यात स्क्रीनवर तरस आला, थेट हरणाच्या पिल्लाकडे. आमच्या पडवीत नऊ जण होते. नऊही जणांनी एकदम डबे बडवले. भैय्याजींनी तर परात. माइक चालू होता. देशोदेशींच्या लोकांनी कानांवरचे हेडफोन काढून फेकले.
पण तरस पळाला. नोमसाबाईंच्या मते योगायोग. मग दुसरा आला, आम्ही पुन्हा बडवलं, तोही गेला. आता काय म्हणायचं?

१४ नोव्हेंबर.
नोमसाबाईंचा मेल. तुमच्या खात्यावरून आलेलं निरीक्षण असामान्य आहे, वीस तारखेला सर्वांसमोर बोलू. कोणतं निरीक्षण ते लिहिलं नाही. सिंहच असणार. शेवटी त्यांनाही ऐकू आला.
भंडाऱ्याला जाऊन फ्लेक्स टाकला. गॉगल लावून मी, शेजारी सिंह. सिंह माझ्यापेक्षा मोठा दिसत होता, कमी करायला लावला. 'आफ्रिकेचे पहारेकरी मा. भूपेंद्रभाऊ यांची टीम लीडरपदी निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन. शुभेच्छुक: समस्त गावकरी.' गावकऱ्यांना विचारायचं राहिलं.

१७ नोव्हेंबर.
काल आमच्या स्वतःच्या बांधीत माझी जागलीची पाळी होती. मी विसरलो. रानडुकरं विसरली नाहीत. शकुन म्हणे, तिकडचे तरस हाकलता अन् घरचा धान डुकराले वाढता. मोठ्या जबाबदारीच्या माणसाला लहान नुकसान सोसावं लागतं.
भाषण पाठ चालू आहे. सुरुवातीला नम्रपणा, मग मी.

२० नोव्हेंबर. रात्री ८.
मंडप आपला, खुर्च्या आपल्या, बॉक्स आपले. साठ माणसं. दुभाषी म्हणून दामिनी नागपूरहून आली. मी हार गळ्यात घालूनच बसलो, वेळ वाचावा म्हणून.
नोमसाबाई पडद्यावर आल्या. म्हणाल्या, त्या म्हशीच्या मागच्या पायात शिकाऱ्यांनी लावलेल्या तारेचा फास रुतला होता. नोंद वाचून डॉक्टर गेले, तार काढली, आणि त्याच वाटेवर आणखी अकरा फास सापडले. वाचली म्हैस. ही नोंद तुमच्याकडच्या दुपारी एक ते तीनमधली. तेव्हा कॅमेऱ्यावर कोण असतं?
मी माइक तोंडाशी नेला. साठ माणसं माझ्याकडे बघत होती. मग एकसष्टावं माणूस म्हणून दामिनी बघायला लागली. माइक खाली घेतला.
वहिनी धार काढायला गेली होती. बोलावून आणली. नोमसाबाई खुर्चीवरून उठून उभ्या राहिल्या. वहिनी म्हणे, त्यात काय पाह्यचं बाई, दुखते तं म्हैस कान टाकते, तुमची काय अन् आमची काय. दामिनीने ते इंग्रजीत सांगितलं. तिकडे चाळीस जण टाळ्या वाजवायला लागले. टीम लीडर उषाबाई.
हार काढून मीच तिला घातला. भैय्याजी हळूच म्हणे, भूपेंद्रभाऊ, फ्लेक्सवरचं नावच तेवढं बदला, फोटोत गॉगल आहे, कोणाले कळते? मी हाराची गाठ नीट करत राहिलो; त्यांना वाटलं मला ऐकू आलं नाही.

२२ नोव्हेंबर, शनिवार. दुपारी १.३०.
नव्या टीम लीडरने पासवर्ड बदलला आणि पाळ्या नव्याने लावल्या. मला अकरा ते एक. सोबत शकुन. मी विचारलं, एका कॅमेऱ्यावर दोघं कायले? वहिनी म्हणे, ती कॅमेरा नाही पाहत, तुमच्यावर ध्यान ठेवते.
एक वाजता शकुनने नोंद पाठवली. संख्या: एक. हालचाल: नाही. आवाज: आहे, गुरगुर.
वहिनीने लगेच मंजूर केली.